देणाऱ्या देशाचा पेंटर

माझे भावजी देशाच्या परराष्ट्र धोरणातले महत्त्वाचे गृहस्थ होते, हे त्यांना स्वतःलाही ठाऊक नव्हतं. ते सरकारी गोदामात पेंटर होते. आपण परदेशांना मदत पाठवतो, तिच्या खोक्यांवर 'मित्रराष्ट्राच्या जनतेकडून सप्रेम भेट' अशी अक्षरं काढायची, हे त्यांचं काम. त्यांचे वडील याच गोदामात हमाल होते, पण तेव्हा खोकी बाहेरच्या देशांतून आपल्याकडे यायची. आता आपल्याकडून बाहेर जातात. याला प्रगती म्हणतात, असं साहेब प्रत्येक भाषणात सांगत.

अक्षरं फोटोत ठळक दिसली पाहिजेत, असा नियम होता. खोकं लहान पडलं तर माल तेवढाच ठेवून खोकं मोठं करायचं. मदत गरज बघूनच दिली जायची, फक्त ती गरज आपली असायची. जागतिक सभेत मतदान जवळ आलं की गोदामात रंगाचे डबे भराभर उघडायचे.

त्याच सुमारास माझ्या ताईच्या किडन्या निकामी झाल्या. आमच्या सरकारी दवाखान्यातलं डायलिसिसचं मशीन बंद पडून धूळ खात होतं. ताईला बसने शेजारच्या गावी जावं लागे, आणि परत आली की तिच्यात बोलायचंही त्राण उरत नसे. इकडे भावजी एका बेटावरच्या देशासाठी कोऱ्या करकरीत डायलिसिस मशीनच्या खोक्यांवर सप्रेम भेट रंगवत होते.

एकदा त्यांनी धीर करून विचारलं, "साहेब, यातलं एखादं आपल्या दवाखान्याला मिळालं तर?"

साहेबांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "अहो, त्यांना दिलं तर ते आपल्याला मत देतात. तुम्ही काय, असंही देताच."

भावजींना हे पटलं. मला आजही संताप येतो तो याचाच.

भेट स्वीकारायला त्या देशाचे राजदूत गोदामात आले. कॅमेऱ्यांसमोर त्यांनी भावजींचा रंगाने बरबटलेला हात हातात घेतला आणि दुभाष्यामार्फत विचारलं, घरी सगळे बरे आहेत ना? भावजी साधा माणूस. विचारलंय म्हणून त्यांनी ताईचं सगळं सांगितलं, बंद मशीनसकट. दुभाष्या नवीन होता. त्याने शब्दन् शब्दाचं भाषांतर केलं.

त्या बेटानेही नुकतंच दाता व्हायचं मनावर घेतलं होतं. थोड्याच दिवसांत त्यांच्या जनतेकडून आमच्या दवाखान्यासाठी एक मशीन बंदरात येऊन उतरलं. बातमी ऐकून ताई हसली. किती दिवसांनी हसली होती, मी बघतच राहिलो.

मंत्रालयाच्या मात्र तोंडचं पाणी पळालं. आपण देणारे, आज घेतलं तर उद्या जगात आपल्याला कोण विचारणार? साहेबांनी भावजींना बोलावून घेतलं. "तुम्हाला घरची खुशाली विचारली होती. देशाची परिस्थिती सांगायला कुणी सांगितलं होतं?"

मशीन खोक्यातून बाहेर न काढताच माघारी पाठवायचं ठरलं. खोक्यावर 'साभार परत' असं ठळक अक्षरांत लिहायचं होतं, आणि पेंटर एकच होता.

"भावजी, तुम्ही हे लिहू नका," मी हात जोडून म्हणालो.

"मी नाही लिहिलं तर दुसऱ्याकडून लिहून घेतील," ते ब्रश धुता धुता म्हणाले. "आणि ते वेडंवाकडं लिहिलेलं बाहेरच्या देशात जाईल."

दुसऱ्या दिवशी पेपरात पहिल्याच पानावर त्या खोक्याचा फोटो आला. खाली देशाच्या स्वाभिमानाबद्दल बरंच काही छापलं होतं. ताईने पेपर डोळ्यांजवळ धरून फोटो नीट पाहिला. मला वाटलं, आता तरी ही नवऱ्यावर चिडेल, सरकारवर चिडेल, निदान रडेल.

"अक्षर सुरेख आलंय हो," ती भावजींना म्हणाली, आणि पायात चपला सरकवून बस गाठायला निघाली.