तेलताई आणि शिंप्याचा काढा

केमोच्या वॉर्डात तिला सगळे तेलताई म्हणत. अकरा वर्षं दर मंगळवारी आणि शुक्रवारी ती यायची, नर्सला त्या दिवसाचे रिपोर्ट विचारायची आणि मग पेशंटचे मोजे काढून तळपाय चोळायची. एकाच पायाला सूज दिसली की हात लावायचा नाही, रक्तातल्या पेशी उतरल्या असतील तर दाबायचं नाही, हे तिला तोंडपाठ होतं. पाटीवर तिच्या कामाला ‘पूरक उपचार’ असं नाव होतं. वॉर्डबॉय म्हणायचा, “वरून औषध, खालून तेल!”

तळपायाला हात लागला की माणूस बोलायला लागतो. फॉर्मवर ‘इतर उपचार’ या रकान्यात सगळे ‘नाही’ लिहीत आणि खरं काय ते तेलताईला कळे. खिडकीजवळच्या म्हाताऱ्या शिंप्यानंही असंच सांगितलं. मेहुण्यानं आणलेला काढा तो महिनाभर दोन्ही वेळ पीत होता.

“डॉक्टरीणबाईंना बोलू नका हं. कात्री घेऊन धावतील.”

“तुम्हीच सांगून टाका ना, काका.”

“सांगतो, सांगतो.”

तो सांगणार नाही, हे तिला ठाऊक होतं. तरी ती गप्प बसली. आज काढ्यावर बंदी आली तर उद्या तेलावर येईल, ही तिची धास्ती. काढा तिला आपल्याच बाजूचा वाटला.

पंधरा दिवसांनी शिंप्याचे डोळे पिवळे दिसले. लिव्हर बिघडलं होतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “हे औषध सोसत नाहीये. बदलून हलकं देऊ.” गाठ मात्र त्याच औषधानं आटत आली होती. शिंपी तेलताईकडे बघत राहिला.

“ते काढा घेतात,” ती म्हणाली. “मला पंधरा दिवसांपासून माहीत आहे.”

डॉक्टरीणबाई ओरडल्या नाहीत. “पंधरा दिवस,” एवढंच म्हणाल्या आणि पेनाला टोपण लावलं.

काढा बंद झाला. लिव्हर ताळ्यावर यायला पाच आठवडे गेले. तोवर केमो थांबवावी लागली आणि गाठ होती त्याहून मोठी झाली.

केमो पुन्हा सुरू झाली त्या शुक्रवारी तेलताईला बघून शिंप्यानं पाय चादरीत ओढून घेतले. बऱ्याच वेळानं एक पाय बाहेर आला.

“एका कापडाला दोन शिंपी लावले मी,” तो म्हणाला. “आणि एकाचं दुसऱ्याला कळू दिलं नाही.”

“काका, मी तेव्हाच सांगायला...”

“चोळा. बोलू नका.”

तिनं मोजा काढला. पाय इतका वाळला होता की मोजा ओढावा लागला नाही, आपोआप हातात आला.