नमुन्याची रायफल

लॉर्ना प्रुइटने एकतीस वर्षं काचेच्या कारखान्यात बाटल्या तपासल्या. दिव्यासमोर धरायची, फिरवायची, बुडबुडा दिसला की बाजूला ठेवायची. कारखाना बंद पडला, पण नजर तशीच राहिली. चर्चच्या जेवणात मसालेदार मांस भरलेला पेपरोनी रोल पानात आला तरी ती आधी उघडून आत बघायची. म्हणूनच एल्क नदीकाठच्या आमच्या नेमबाजी क्लबात कुठलीही नवी वस्तू आधी तिच्या हाताखालून जायची.

त्या वसंतात नवशिक्यांसाठी सहा स्वस्त रायफली घ्यायच्या होत्या, अर्धस्वयंचलित. एकदा चाप ओढला की एक गोळी सुटते आणि पुढचं काडतूस आपोआप नळीत चढतं. दुकानदार क्लाइड रॅटलिफ एक नमुना घेऊन आला. किंमत पाचशे डॉलरच्या आत. क्लाइड म्हणजे लॉर्नाच्या नवऱ्याचा, बकचा, शिकारीतला जोडीदार. बक वारला तेव्हा शवपेटीला खांदा द्यायला तोच पुढे होता.

"घे, लॉर्ना, हवी तेवढी झाड," तो म्हणाला. "तक्रारीला जागा सापडली तर मला सांग."

तीन शनिवार तिने ती झाडली. मी शेजारी बसून गोळ्या मोजत होतो, कारण क्लबचं पत्रक मीच काढतो. तीनशे गोळ्यांत रायफल एकदाही अडकली नाही. शंभर यार्डांवर पाच गोळ्या दोन इंचांत पडत होत्या. चाप तर लोण्यातून सुरी फिरावी तसा. सगळे खूश झाले. लॉर्ना मात्र रिकामी रायफल मांडीवर घेऊन चाप पुन्हा पुन्हा ओढून बघत होती.

"आता काय खुपतंय तुला?" मी विचारलं.

"या किमतीत असा चाप येत नाही. कुठेतरी पाणी मुरतंय."

"अगं, नशिबाने चांगली निघाली असेल एखादी."

"साहेब बघायला यायचे ना, तेव्हा आमच्याकडच्या बाटल्यासुद्धा नशिबाने चांगल्या निघायच्या."

मंगळवारी ती क्लाइडला न कळवता त्याच्या दुकानात गेली. मला सोबत नेलं आणि तसलीच एक रायफल विकत मागितली. क्लाइडने हसून खोक्यांच्या चळतीतला वरचा खोका पुढे केला. तिने मान हलवली.

"वरचा नको. तो चौथा, खालचा."

"सगळे सारखेच आहेत, बाई."

"मग खालचाच दे की."

तो खोका काढताना क्लाइडचं हसू मावळलेलं मी पाहिलं. तिने रायफल स्वतःच्या पैशाने घेतली आणि आम्ही थेट रेंजवर गेलो. चाप जड होता, वाळूत रुतल्यासारखा खरखरत मागे यायचा. अडतिसाव्या गोळीला रिकामी पुंगळी बाहेर न पडता आतच अडकली. पुढे दर मॅगझिनला एकदा तरी तेच. लॉर्नाने रायफल रिकामी केली, उघडली, आतला बोल्ट, म्हणजे काडतूस चढवणारा आणि पुंगळी बाहेर काढणारा सरकता भाग, माझ्यासमोर धरला. त्याच्यावर गोळी सुटल्यावरचा वायू घेणारी छोटी नळी असते, दोन स्क्रूंनी बसवलेली. स्क्रू हलू नयेत म्हणून कडेचा धातू ठोकून दाबतात. इथे ठोकलेलंच नव्हतं. बोटाने स्क्रू फिरत होता, म्हणून वायू गळून पुंगळी अडकत होती. मग तिने नमुन्याचा बोल्ट काढला. त्यातले स्क्रू पक्के ठोकलेले होते, घाव अगदी ताजे. नमुन्यातल्या, चापाला टेकणाऱ्या घोड्याचा पृष्ठभागही कोणीतरी घासून गुळगुळीत केला होता; चाप मऊ होता तो म्हणून.

बुधवारी तिने दोन्ही बोल्ट क्लाइडच्या काउंटरवर शेजारी शेजारी ठेवले. क्लाइडने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"कारखान्यातनंच ढिसाळ येतात," तो शेवटी म्हणाला. "दोन स्क्रू ठोकले की उत्तम चालते. तूच बघितलंस ना?"

"मग सहाच्या सहा ठोकणार होतास?"

क्लाइडने दोन्ही बोल्ट हळूच तिच्याकडे परत सरकवले.

लॉर्नाचा अहवाल मी शब्दही न बदलता छापला. रायफल या किमतीला वाईट नाही, नवशिक्यांना चालेल. पण पहिली गोळी झाडण्याआधी प्रत्येक रायफल उघडून स्क्रू ठोकून घ्यावेत. तपासणीला दिलेल्या नमुन्यावर आधीच हात फिरवलेला होता. क्लाइडचं नाव तिने घातलं नाही. गावात दुकान एकच, त्यामुळे घालायची गरजही नव्हती. क्लबने रायफली त्याच्याकडूनच घेतल्या. तिच्यासमोर बसून त्याने एकेक स्क्रू ठोकला. त्याला दोन तास लागले.

त्यानंतर क्लाइड चर्चमध्ये दुसऱ्या बाजूच्या बाकावर बसू लागला. एकदा गाडीतून तिला घरी सोडताना मी म्हटलं, "आधी त्याच्याशी एकटीने बोलली असतीस तर? जुना माणूस आहे."

ती खिडकीबाहेर बघत होती.

"पहिल्याच शनिवारी चापाला बोट लावलं तेव्हा मला कळलं होतं," ती म्हणाली. "पुढचे दोन शनिवार कशाला झाडत बसले? वाट बघत होते, तो आपणहून येऊन सांगतोय का."