स्टँडापलीकडचं देवगड

व्हॅन सुरू करून शेजारचे भावजी दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवत, आरशात बघत आणि गप्प बसत. इंजिन घरघरतंय, मागे आम्ही बायका पदर-पिशव्या सावरून तयार, दारं लागलेली, तरी गाडी हलायचं नाव नाही. एखादं नवखं माणूस बरोबर असलं तर ते विचारायचं, बिघडली की काय? तेव्हा मान न वळवता ते म्हणत, "बेल खंय?"

बेल कुठे, असं विचारायचे; आणि बेल म्हणजे मी. खिडकीतून हात बाहेर काढून दाराच्या पत्र्यावर दोनदा थापटायचं, मग गाडी निघणार. एकदा थापटलं की थांबणार. उभा जन्म एस.टी. चालवलेला माणूस. निवृत्त झाला तरी दोन टोल्यांशिवाय त्याचा पाय हलत नसे. तुमच्याही वाडीत असा एखादा असेल बघा, नोकरी संपलेला आणि ड्युटी न संपलेला.

ते आमच्या ह्यांचे शाळासोबती. त्यांच्या आणि आमच्या खळ्यामध्ये, म्हणजे अंगणांमध्ये, एक दगडी गडगा, तोही मांजराला उडी मारता येईल एवढाच. मी त्यांना भावजी म्हणायची. ते मला एरवी वयनी म्हणत, गाडीत मात्र कंडक्टर.

आमची पहिली भेट माझ्या बाजूने काही फार शोभेची झाली नव्हती. लग्नाआधी मी मुंबईला मावशीकडे राहून टायपिंग शिकले होते, आणि त्या टायपिंगच्या जोरावर स्वतःला कोण समजत होते ते देवाला ठाऊक. मालवणात सून म्हणून आले ती काळा चष्मा लावून. एस.टी.त ड्रायव्हरच्या मागच्या बाकावर बसले, हातात लिंबू धरलं, आणि चौके गावाच्या अलीकडे शुद्ध शहरी मराठीत फर्मावलं, "ड्रायव्हर, गाडी जरा सावकाश चालवा, आम्हांला सवय नाही." आम्हांला! बरोबर कुणी नव्हतं, हे स्टँडवर न्यायला येणार होते; सोबत फक्त ते लिंबू. ड्रायव्हरने खरोखरच गाडी इतकी सावकाश केली की एक सायकलवाला आम्हांला मागे टाकून गेला आणि जाताना त्याने मला हात केला. अख्खी गाडी हसली. पुढच्याच वळणावर लिंबाने दगा दिला आणि काळा चष्मा कपाळावर ठेवून मी खिडकीबाहेर वाकले. ड्रायव्हरने गाडी बाजूला घेतली, पाण्याची बाटली मागे सरकवली, एक शब्द बोलला नाही.

ते ड्रायव्हर म्हणजे भावजी, आणि तो शब्द त्यांनी जपून ठेवला होता. म्हातारपणी व्हॅन घेतल्यावर प्रत्येक चढावर मला विचारायचे, "काय मुंबयवाली, सावकाश आसा मां?"

त्या चष्मेवालीचा आणखी एक नमुना सांगते. कुणी पाहुणा आला की ती म्हणायची, आमच्याकडे बघण्यासारखं आहे काय? समुद्र तर मागच्या दारी पडलाय. आता त्या मागच्या दारी कुठून कुठून माणसं येतात, रंगीत जाकिटं घालून पाण्यात उतरतात, माशांबरोबर फोटो काढतात. आणि मी काशी केली, कन्याकुमारी केली, पण देवगड बघितलं नव्हतं. शेजारचा तालुका! हापूस तिथून घरी येई, त्यामुळे आपण जायची गरज वाटली नसावी.

भावजींनी मात्र देवगडच्या किती फेऱ्या मारल्या त्याला गणती नाही. पण देवगड कसं आहे म्हणून विचाराल तर ते कँटीनची उसळ सांगत, फलाटाची तडा गेलेली कड सांगत. गाडी लागली की चहा, चहा संपला की बेल. देवगड म्हणजे स्टँड. त्यांच्या बायकोने एकदा विचारलं होतं, किल्ल्यावर दीपगृह आहे म्हणतात, तिथून दर्या कसा दिसतो? भावजींना सांगता येईना. स्टँडातून फक्त इतर गाड्यांची पाठ दिसते. निवृत्त झालो की तुला घेऊन जाईन म्हणाले, आणि ती त्याआधीच गेली. हे त्यांनी मला एकदाच सांगितलं, काच पुसता पुसता. सांगून झाल्यावर सीटवर ओली पिशवी ठेवली म्हणून माझ्यावरच डाफरले.

म्हणून देवगड. बाकी आमच्या सहली जवळपासच्याच असत, कुठलं देऊळ, कुठला धबधबा, बांद्याचा बाजार, पण देवगडाला जायचंय हे सगळ्यांना माहीत होतं. अडचण दोन गोष्टींची होती. एक, त्यांच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू उतरत होता. काळोख पडला की समोरच्या गाडीचे दिवे फुलबाजीसारखे फुटतात, असं ते म्हणत. त्यामुळे नियम होता, "दिवे लागूच्या आत डेपो." डेपो म्हणजे त्यांचं खळं. दुसरी अडचण मुलगा. तो ठाण्याला. चांगला मुलगा, पण फोनवर एकच धोशा, व्हॅन विका, इकडे या, डोळ्याचं ऑपरेशन करू. भावजी सांगत, शिमगा झाल्यावर. एकदा ठाण्याला गेले की किल्ली पुन्हा त्यांच्या हाती कुणी देणार नाही, हे त्यांना कळत होतं आणि आम्हांलाही. तेव्हा देवगड व्हायचं तर शिमग्याआधी.

आम्ही म्हणजे मी आणि वाडीतल्याच इंदू आणि शोभा. इंदूला कोळंबीचा वास वारा नसताना येतो. शोभा बालवाडीत शिकवायची, आणि तिचं नातं नाही असं गाव जिल्ह्यात नाही. इंदू निघायच्या वेळी हमखास काहीतरी विसरून घरात पळायची. भावजी आरशात बघून "बेल खंय?" म्हणायचे, आणि मी सांगायची, "थांबा, एक पॅसेंजर येवचो आसा." धावणाऱ्या पॅसेंजरला टाकून जाणं त्यांना कधीच जमलं नाही.

पहिल्या खेपेला आम्ही सकाळी निघालो, आणि आचऱ्याच्या अलीकडे शोभा म्हणाली, तोंडवळीला जरा दर्या बघून जाऊ. तिथे रापण ओढत होते. होडीने अर्धगोल जाळं टाकलेलं, दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर, आणि माणसं मागे रेलून रेलून ओढताहेत. तुम्ही आमच्याकडचे असाल तर तुम्हांला माहीत आहे, दोराला जो हात लावेल त्याला वाटा मिळतो. इंदू म्हणाली, "जरा हात लावून येतंय." तिच्या मागून शोभा गेली. मग मी. वळून बघते तर भावजी पँट गुडघ्यापर्यंत दुमडून माझ्या मागे दोर धरून उभे, आणि "सावकाश, मुंबयवाली" म्हणताहेत. तासाभराने पिशवीभर बांगडे मिळाले, अजून उड्या मारणारे. उन्हं चढत होती. इंदू पिशवी पोटाशी धरून म्हणाली, "बांगडो काय देवगडाक येवचो नाय." गाडी वळवली. दुपारी आमच्या खळ्यात बांगड्यांचं तिखलं आणि भात जेवताना देवगडची सहल फार छान झाली यावर सर्वांचं एकमत झालं.

दुसऱ्या खेपेला समुद्राकडे बघायचंच नाही असं ठरलं. मिठबावापर्यंत पोचलो. तिथे शोभाची नणंद. फक्त चहा, असं शोभाने शपथेवर सांगितलं होतं. चहा आला तेव्हा मागीलदारी कोंबडा ओरडला, आणि मग तो ओरडायचा थांबला. आता उठणं शक्य नव्हतं. वडे-कोंबडी झाल्यावर भावजी पडवीत जरा आडवे झाले, ते उठले तेव्हा सावल्या लांब झाल्या होत्या. दिवे लागूच्या आत डेपो.

घरी आल्यावर आमच्या ह्यांनी विचारलं, झाला देवगड? मी म्हटलं, मिठबावापर्यंत झाला. ते म्हणाले, उरलेला पुढच्या जन्मी कर.

तिसऱ्या खेपेच्या वेळी शिमगा तोंडावर आला होता आणि मुलगा दुसऱ्याच दिवशी पोचणार होता. मी जाहीर केलं की आज विनंती थांबा नाही. इंदूला दर्याच्या उलट बाजूला बसवलं, काच वर केली. आचऱ्याच्या पुलावर तिने तरी नाक वर केलं, पण मी हात मांडीखाली दाबून बसले. मिठबाव आल्यावर शोभाने पदर तोंडावर घेतला, न जाणो नणंद रस्त्यावर असायची. पुढे कलमांच्या बागा लागल्या, वाटाण्याएवढ्या कैऱ्यांचे घोस, आणि भावजी चक्क गुणगुणायला लागले.

देवगडात शिरलो आणि गाडी वळली. का वळली ते त्यांना कळलं नाही, मला कळेपर्यंत आम्ही एस.टी. स्टँडात जाऊन फलाटाला लागलो होतो. नीट, कडेला समांतर. एका म्हाताऱ्याने गोणपाट उचलून दार उघडलं आणि विचारलं, "नांदगावाक जाता मां?" तिकडून कंट्रोलरची शिट्टी वाजली. भावजींचे कान लालबुंद. शोभा इतकी हसली की तिचा चष्मा त्या म्हाताऱ्याच्या गोणपाटात पडला. तो काढला, मी दोन थापा मारल्या, गाडी मागे घेतली.

स्टँडाच्या फाटकाशी ते पुन्हा थांबले. मला वाटलं, अजून लाजताहेत. पण ते रस्त्याकडे बघत होते. डावीकडे, उजवीकडे.

"कंडक्टर," ते म्हणाले, "हंयसून फुडे माका रस्तो म्हायत नाय."

हसू थांबलं. मी म्हटलं, मलापण नाही. मग शहाळीवाल्या बाईला विचारलं. तिने कोयत्यानेच दिशा दाखवली.

किल्ल्यावर वारा असा की बोललेलं उडून जावं. चिऱ्याची तटबंदी, पांढरं दीपगृह, तीन बाजूंनी पाणी. खाली बंदरात निशाणं लावलेल्या होड्या. भावजी तटाशी गेले, मोतीबिंदूच्या डोळ्यावर तळवा धरला आणि चांगल्या डोळ्याने बघत राहिले. काहीतरी मोठं ऐकायला मिळेल म्हणून मी जवळ सरकले.

"हो दर्यो आपलोच मां?" त्यांनी विचारलं.

"आपलोच."

"मगे मोठो कित्याक दिसता?"

मोठा का दिसतो ते बघायला मीही तटावरून वाकले. मग ते स्वतःशीच म्हणाले, "आता सांगूक येतला."

कुणाला, ते मी विचारलं नाही. इंदूने खाली बंदराकडे बघितलं, होड्यांतून टोपल्या उतरत होत्या, आणि मासळी हा शब्द तिने उच्चारला नाही. तिच्या आयुष्यातला हा सर्वांत मोठा त्याग असावा.

ऊन कलत होतं. वेळ बघणं हे कंडक्टरचं काम. मला सूर्य दिसत होता. मी हात पदराखाली ठेवले आणि बेल दिली नाही.

दिवेलागणीला आम्ही मिठबावापर्यंतच पोचलो. नणंदेच्या बेड्याशी, म्हणजे फाटकाशी, गाडी उभी करून भावजी म्हणाले, "दिवे लागले. गाडी हंयच ऱ्हवतली." नणंदेला काय आनंद झाला म्हणता! दुसरा कोंबडा गेला. आम्ही घरी फोन केले. भावजींच्या घरी फोन उचलायला कोण असणार? म्हणून त्यांनी केला नाही, आणि त्यांचा स्वतःचा गाडीत काचेखाली पडला होता.

आणि मुलगा एक दिवस आधीच आला होता, बापाला चकित करायला. कुलूप लावलेल्या दारासमोर बॅग घेऊन बसला. आमच्या ह्यांनी गडगा ओलांडून त्याला पेज नेऊन दिली, सगळी नणंदेकडे सुखरूप आहेत म्हणून सांगितलं, पण मिठबावाचा फोन काही पुन्हा लागेना, आणि बापाचा आवाज ऐकल्याशिवाय त्याला झोप कुठली यायला?

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही हॉर्न वाजवत, गाणी म्हणत खळ्यात शिरलो, तर तो पायरीवर उभा. डोळे सुजलेले. ओरडला असता तर बरं झालं असतं. तो फक्त पुढे आला आणि म्हणाला, "बाबा, आता पुरे."

भावजींनी किल्ली काढून त्याच्या हातावर ठेवली. "पेट्रोल अर्धा आसा," म्हणाले. "उजव्या चाकात हवा कमी."

डोळ्याचं पुढे चांगलं झालं, काळजी करू नका. ठाण्याहून फोन येतो, गॅलरीतून खालच्या बसचा नंबर वाचून दाखवतात. व्हॅन त्यांच्या खळ्यात ताडपत्रीखाली आहे, आमची मांजर तिच्यावर झोपते. पण मला सांगायचंय ते शिमग्यानंतर भावजी निघाले त्या सकाळचं.

मुलाची मोठी गाडी फाटकाशी उभी. भावजी पुढे, डाव्या बाजूला. त्या बाजूला बसलेले मी त्यांना कधी बघितले नव्हते. हात कुठे ठेवावे ते त्यांना कळत नव्हतं, शेवटी गुडघ्यांवर ठेवले. मुलाने गाडी सुरू केली. त्यांनी त्याच्या मनगटावर हात ठेवला आणि बाजूच्या आरशात बघितलं. आरशात मी होते.

"बाबा, काय झालं?" मुलगा म्हणाला.

"बेल खंय?"

मी गाडीच्या मागे उभी होते, पत्रा हाताच्या अंतरावर. नवीन गाडी, चकचकीत. मी हात पदराखालून काढलाच नाही.

ते थांबले. मग खिडकीतून डोकं काढून हळूच म्हणाले, "कंडक्टर, टायम झालो."

"थांबा," मी म्हटलं. "एक पॅसेंजर येवचो आसा."

त्यांनी वळून बघितलं. इंदू माझ्या शेजारीच उभी होती, सुक्या बांगड्यांची पुडी केव्हाच गाडीत देऊन झालेली. शोभा होती. आमचे हे गडग्याशी होते. यायचं राहिलेलं असं कुणी नव्हतं. तरी भावजींनी रस्त्याकडे बघितलं, पार वळणावरच्या फणसापर्यंत, आणि मीही बघितलं. मुलगाही आरशात शोधायला लागला बिचारा. कितीतरी वेळ आम्ही सगळे त्या मोकळ्या रस्त्याकडे, कुणीतरी धावत येत असल्यासारखं बघत उभे होतो.

मग मी दोनदा थापटलं.