अक्षता चौथ्या ओळीनंतरच

बीड जिल्ह्यात जी काही लग्नं टिकलीत, ती आमच्या मोठ्या मामांनी वेळेवर संपवलेल्या कडव्यांमुळं टिकलीत, असं मामांचं ठाम मत आहे. आणि त्यांच्याशी वाद घालायची माझी तरी टाप नाही. नेकनूरला त्यांची शेती आहे, पण जीव सगळा मंगलाष्टकांत. लग्न नात्यातलं असो की ओळखीच्याच्या ओळखीचं, मामा दोन्ही घरची नावं गुंफून नवीकोरी मंगलाष्टकं रचणार आणि स्वतः माईक धरून म्हणणार. कडव्याच्या ओळी चार. चौथीच्या शेवटी 'शुभमंगल सावधान', मग अक्षता, मग दमभर शांतता, मग पुढचं कडवं. "कडव्यामागं जागा मोकळी न्हाई सोडली तर माणूस आधीचं विसरतंय," असं ते सांगतात, आणि हा नियम त्यांनी अख्ख्या जगण्याला लावलाय. वावरात कापसाच्या चार ओळी झाल्या की पाचवी रिकामी. व्हॉट्सॲपवर 'ज्वारी निघाली' एवढंच कळवायचं, तरी चार ओळी आणि खाली मोकळी जागा. बोलतातसुद्धा चार वाक्यं, की थांबले! आमची मामी हुशार. तिनं सगळा संसार त्या थांब्यांत केला. किराणा सांगायचा, पाव्हण्यांचा निरोप द्यायचा, भांडायचं, सगळं तिथंच. "त्यांचं कडवं झालं की माझी पाळी," म्हणते.

गेवराईच्या एका लग्नात नवरदेवाच्या दोस्तांनी तिसऱ्याच ओळीला अक्षता उधळल्या. मामा थबकले आणि भर मांडवात माईकवरून गरजले, "कोण हाय बे तिकडं? कडवं झालं का? माणूस अर्धंच जेवलं अन् तुमी ताट उचललं. कावून एवढी घाई?" आणि कडवं पुन्हा पहिल्यापासून! भटजी घड्याळ दाखवत राहिले, व्याही लालबुंद झाले, पण गडी हटला नाही. मला तर असा अभिमान वाटला की विचारू नका. तेव्हापासून आमच्या भागात मामांच्या 'सावधान'शिवाय कुणी मूठ उघडत नाही.

मग मामांच्या एकुलत्या एका लेकीचं, वैशूचं, लग्न निघालं. सासर लांब, पुण्याकडं. मंगलाष्टकं अर्थातच मामांची. सगळी कडवी कशी खणखणीत झाली! राहिलं शेवटचं. त्याचं 'सावधान' झालं की अंतरपाट दूर होणार आणि लेक परक्या घरची होणार, हे सगळ्या मांडवाला ठाऊक होतं. मामांनी चौथी ओळ म्हटली. आम्ही हात उचलले. 'सावधान' काही येईना. पाचवी ओळ आली. सहावीत वैशूच्या लहानपणीची शेळी आली, सातवीत बांधावरची बोर. हयातभर चारावर न गेलेला माणूस ओळीला ओळ जोडत चालला होता! भटजी कासावीस, मुहूर्त निघून चाललेला, आणि अख्खा मांडव ज्वारीच्या अक्षतांनी भरलेल्या मुठी वर धरून उभा. टाकणार कोण? मामांनीच तर शिस्त लावलेली.

शेवटी अंतरपाटाआडून वैशूच बोलली, "आबा, लोकांचे हात भरून आले. संपवा की आता."

"संपवतो गं बाई, संपवतो," मामा म्हणाले. 'शुभमंगल'पर्यंत आले, आणि पुढं आवाजच फुटेना. मग 'सावधान' सगळ्या मांडवानं म्हटलं. एवढ्या अक्षता पडल्या की मला समोरचं दिसेना. का ते डोळ्यांतल्या पाण्यानं, कुणास ठाऊक.

परवा नेकनूरला गेले होते. ओसरीवर चहा पिताना मी जरा चिडवलंच, "मामा, वैशूच्या शेवटच्या कडव्याच्या ओळी किती झाल्या हो?"

"चारच. मी कधी चाराम्होरं गेलोय का? तुला मोजता येत न्हाई. च्या घे, गार होतोय."

मामा थांबले. आता मामी बोलणार, म्हणून मी तिच्याकडं पाहिलं. मामीनं ती जागा मोकळीच सोडली.