देवळाचं दार मुंबईहून फाईलमध्ये आलं

हे मला आत्ताच सांगायचंय. भात गॅसवर आहे तरी. कारण उद्यापर्यंत राग उतरला तर मी उगाच शहाण्यासारखं लिहीन आणि मजा जाईल.

आमचं गाव पोलादपूरच्या वर, कापड्याच्याही पुढे. अर्ध्या घरांना कुलपं, माणसं मुंबईला. त्यामुळे गावाला मंडळं दोन. ग्रामस्थ मंडळ काम करतं, मुंबई मंडळ सूचना करतं. मी महाडला एका फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये ड्रॉइंग करते. गेट, जिने, ग्रील, असलं सगळं. मी कॉम्प्युटरवर काढायचं आणि प्लाझ्मा मशीनने ते लोखंडी पत्र्यातून कापायचं.

तर देवळाच्या सभामंडपाचं लाकडी दार वाळवीने खाल्लं. नवीन लोखंडी बसवायचं ठरलं, शिमग्याला पालखी बाहेर पडायच्या आत. मुंबई मंडळ म्हणालं, आम्ही मुंबईहूनच करून आणतो. तेव्हा आमचे बाबा मीटिंगमध्ये उभे राहिले. बाबा कधीच उभे राहत नाहीत! म्हणाले, "मुंबईला कशाला जायाला पायजे? माझी पोरगी महाडला हेच काम करते. शिमग्याच्या आत दार लागंल, माझा शबूद हाय."

सगळ्यांसमोर. म्हणजे दार लागलं नसतं तर बाबांना पुढे प्रत्येक मीटिंगमध्ये तेच ऐकावं लागलं असतं. आमच्याकडे लोक बाकी सगळं विसरतात, असलं काही विसरत नाहीत.

मुंबई मंडळाने मोठ्या मनाने मान्य केलं. पण डिझाईन आमचं, म्हणाले. मंडळात एक दादा आहेत, कुठल्यातरी मोठ्या ऑफिसात डिझायनर. त्यांनी कमळांचं दार काढलं, वर मंडळाचं नाव मराठीत (देवीचं नाव खाली, बारीक), आणि गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर थ्रीडी चित्र टाकलं, ऊन-सावलीसकट. खाली हात जोडणाऱ्यांची रांग लागली.

मग फाईल आली. माझ्याकडे उघडेचना. त्यांचा प्रोग्रॅम अगदी नवा कोरा, आमचा जुना. मी लिहिलं, "दादा, डीएक्सएफ करून पाठवा ना, ती सगळीकडे उघडते." दादांनी काय केलं माहितीये? फाईलच्या नावातली शेवटची तीन अक्षरं पुसली आणि 'डीएक्सएफ' टाईप केलं! झालं! डब्यावरचं 'मीठ' खोडून 'साखर' लिहिलं आणि चहा करायला बसले. हा माणूस डिझायनर. मी परत विचारलं तर स्क्रीनचा फोटो आला. त्यात ट्यूबलाईट आणि दादांचा अंगठा, दार मागे कुठेतरी.

शेवटी फोनवर एकेक बटण सांगून खरी डीएक्सएफ काढून घेतली. उघडली, तर दार माझ्या तळहाताएवढं. त्यांनी इंचात काढलेलं आणि माझा प्रोग्रॅम तोच आकडा मिलिमीटर समजला. आमचे शेठ मागून डोकावले. "देवळाचं हाय की उंदराचं?"

ते एक वेळ ठीक, मोठं करता येतं. पण कमळं! पाकळीची गोल रेघ राहिलीच नव्हती, तिचे बारीक बारीक सरळ तुकडे झालेले, आणि तेही एकमेकांना चिकटलेले नाहीत. मशीनला आकार बंद लागतो, नाहीतर आत कुठलं नि बाहेर कुठलं त्याला कळत नाही. ट्रायलला मी एक पाकळ्यांचा घोस जोडून कापून बघितला. मशीन प्रत्येक तुकड्यावर अडतंय, ठिणग्या उडवतंय, परत अडतंय. जे निघालं त्याला शेठ फणस म्हणाले. आणि मंडळाच्या नावाच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं. तेवढं एक मला आवडलं.

दादांना फोन केला.

"माझ्याकडे तर नीट दिसतंय गं."

"तुमच्याकडे दिसणारच ना दादा, तुमच्याच प्रोग्रॅममध्ये बघताय!"

"मग तुमचं सॉफ्टवेअर अपडेट कर ना. सिंपल आहे."

"मशीन जुनं आहे, ते जुनंच वाचतं."

"बघ. म्हणून मी बोलत होतो, मुंबईलाच करूया."

आणि लगेच ग्रुपवर: 'आमच्याकडून फाईल दिलेली आहे. विलंब महाडकडून.' महाडकडून! मी म्हणजे महाड!

पाठोपाठ बाबांचा फोन. "काय गो, ती फाईल का काय उघडत नाय म्हनतात तुझ्याकडं?"

"उघडते बाबा, पण मोडकी येते. तिकडून येतानाच मोडते."

"मना सांगून काय उपेग? दार कधी लागंल ता सांग."

मग मी फाईलचा नादच सोडला. रविवारी गावाला गेले, बाबांनी टेपचं एक टोक धरलं, मी दुसरं, आणि खांबाखांबातली मापं घेतली. महाडला येऊन ते थ्रीडी चित्र समोर ठेवलं आणि सगळं दार पहिल्यापासून काढलं. पाकळीला दोन कमानी, बस. अक्षरंसुद्धा रेघारेघांनी. मशीनने सरसर कापलं, कुठे अडलं नाही.

दार लागलं. शिमग्याला पालखी त्यातून नाचत बाहेर पडली, कुठे घासली नाही, आणि बाबा पूर्ण वेळ दाराची एक झडप हाताने धरून उभे, जशी काय ती पळून जाणार होती.

आणि आज दादांनी ग्रुपवर पालखीचा व्हिडिओ टाकलाय. खाली लिहिलंय, 'बघा मंडळी, फाईल पहिल्यापासून बरोबरच होती. थोडा पेशन्स ठेवायचा असतो.'

मी एवढं मोठं उत्तर टाईप केलं. बाबा शेजारीच होते, वाचून दाखवलं.

"नको टाकूस."

"का पण?"

"दार लागला. माझा शबूद राहिला. आता भांडान कशाला?"

मी पुसलं. आणि बघते तर दादांच्या मेसेजखाली पहिले जोडलेले हात कोणाचे? आमच्या बाबांचे!

मला सांगा, तुमचंही असं झालंय का? फाईल मोडकी त्यांची, राबलात तुम्ही, आणि वर 'माझ्याकडे तर नीट दिसतंय'? खाली लिहा, सगळं लिहा. या पानावर बाबा नाहीयेत.