वाळवीचं औषध आणि वीणाकाकूंचा कढीपत्ता

ह्यूस्टनजवळच्या शुगर लँडमध्ये नवीन मराठी कुटुंब आलं की पहिल्या महिन्यातच कोणीतरी त्यांना दोन गोष्टी सांगायचं. एक, कढीपत्ता विकत आणू नका, शनिवारी सकाळी वीणाकाकूंकडे जा. दोन, तिथे गेल्यावर काकांसमोर कुठलीही बाटली काढू नका.

काका म्हणजे शशिकांत उकिडवे. मूळचे सांगलीचे, ह्यूस्टनमधल्या एका पाइपलाइन कंपनीत इंजिनिअर, वय तेव्हा अठ्ठावन्न. बाटलीवरचं लेबल पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत वाचणं हा त्यांचा धर्म होता. त्यासाठी किल्ल्यांच्या जुडग्याला एक छोटं भिंग अडकवलेलं असे. एकदा मुलाला खोकला झाला म्हणून मी औषध घेऊन घाईघाईने घरी निघाले होते आणि वाटेत दोन मिनिटं काकूंकडे डोकावले. काकांनी बाटली हातातून घेतली आणि दारातच वाचायला सुरुवात केली. ते संपेपर्यंत मुलाचा खोकला आपोआप थांबला असणार, असं मी घरी गेल्यावर नवऱ्याला म्हणाले. मला उपदेश करणारी माणसं मुळातच सोसत नाहीत. पण काका जे दुसऱ्याला सांगत ते स्वतः करत, त्यामुळे त्यांच्यावर धड रागावताही येत नसे.

काकूंचं सगळं वेगळं. त्या गाडी चालवत नसत. अमेरिकेत आल्या आल्या शिकायचा प्रयत्न केला, शेजाऱ्याची टपालपेटी आडवी केली आणि किल्ली जी काकांच्या हातात दिली ती कायमची. आमच्या गावात गाडी नसेल तर कोथिंबिरीची जुडीसुद्धा दुसऱ्या ग्रहावर असते. काका सकाळी साडेसहाला घर सोडत ते संध्याकाळी सात वाजता परत. मुलगी स्वानंदी डॅलसला. आठवड्यातले पाच दिवस काकूंच्या घरात बोलायला म्हणून कोणी नसे.

आणि म्हणून तो कढीपत्ता. स्वयंपाकघराच्या मागे, दक्षिणेकडच्या भिंतीजवळ अर्ध्या पिंपात लावलेला. काकूंनी तो बोटभर असल्यापासून वाढवला होता. आधी काका दर हिवाळ्यात त्याला गॅरेजमध्ये नेत. पुढे तो इतका वाढला की पिंप हलेना, तेव्हापासून थंडीचे चार दिवस आले की काका तिथेच त्याच्यावर चादर टाकत आणि आत एक दिवा लावून ठेवत. दर शनिवारी काकू कात्रीने डहाळ्या कापायच्या, कागदात गुंडाळून पिशव्या भरायच्या. पिशवी घ्यायला येणारा माणूस चहा घेतल्याशिवाय आणि आठवडाभराचं सगळं सांगितल्याशिवाय सुटत नसे.

काकूंचा हात सढळ होता. मुळाशी फुटलेलं पिल्लू कुंडीत लावून त्यांनी आम्हा सगळ्यांना एकेक रोप दिलं होतं. पण माझ्या रोपाला कीड लागली आहे, असं मी काकूंना सांगितलं होतं. आमच्यातल्याच सरलाताईंच्या रोपाची पानं पिवळी पडत होती. सुशांतच्या रोपावर काळी बुरशी होती. सगळ्यांची झाडं आजारी, आणि फोफावला होता तो फक्त काकूंचा कढीपत्ता. काकांना याचं फार आश्चर्य वाटे. ते आम्हाला कागदावर उपाय लिहून देत, आम्ही मान डोलावत असू आणि पुढच्या शनिवारी पुन्हा पिशवीसाठी हजर होत असू.

दोन हजार सातच्या मार्चमध्ये एका रविवारी काकांच्या न्हाणीघराच्या खिडकीत पंखांची वाळवी निघाली. शेकड्यांनी. तासाभरात सगळी मरून पडली आणि खिडकीत पंखांचा ढीग उरला. काकांनी भिंतीभोवती फिरून पाहिलं, तर एका कोपऱ्यात घराच्या पायावरून पेन्सिलीएवढी मातीची नळी वर चढत होती. टेक्ससमधली घरं बाहेरून विटांची दिसली तरी आतून लाकडाची. वाळवीला ते बरोबर कळतं.

स्वानंदीने फोनवर सांगितलं, "बाबा, जस्ट कॉल समवन." काकांनी बोलावलंही एकाला. तो बिचारा तरुण औषधाचा डबा घेऊन आला आणि काकांनी भिंग काढलं. अर्ध्या तासाने तो तरुण निघून गेला. मग काकांनी जाहीर केलं की हे काम ते स्वतः करणार.

पुढचे दोन आठवडे ते औषधाचं लेबल वाचत होते. त्यांनी वेळ वाया घालवला नाही, हे मला मान्य करावं लागेल. दारातल्या क्रेप मर्टलच्या फुलझाडावर मावा पडला होता. त्याच्या चिकट थेंबांनी खाली उभी राहणारी काकांची गाडी गुळाच्या ढेपेसारखी झाली होती. त्यासाठी काकांनी आधी झाडाचं औषध आणलं आणि बादलीत कालवून बुंध्याशी ओतलं. त्या शनिवारी आम्ही सातआठ जण चहाला होतो, तर आम्हाला बाहेर उभं करून त्यांनी समजावलं. फवारायची गरज नाही, झाड ते मुळातून ओढून घेतं आणि पानापानात पोचवतं, किडा पान चोखतो आणि मरतो. म्हणूनच हे खाण्याच्या झाडाला चालत नाही. हे सांगताना ते सुशांतकडे बघत होते. सुशांत नागपूरचा, कॉम्प्युटरवाला, स्वभावाने गरीब. आदल्या वर्षी त्याने आपल्या लिंबाच्या झाडाला असलंच औषध घातलं होतं आणि काकांनी गणपतीच्या जेवणात, भर पंगतीत, त्याची हजेरी घेतली होती. तेव्हापासून सुशांत काकांच्या समोर पाण्याची बाटलीसुद्धा काढत नसे.

एप्रिलमधल्या पहिल्या शनिवारी, आम्ही चहा पिऊन गेल्यावर, घराभोवती चर खणला गेला. सहा इंच रुंद, सहा इंच खोल, अगदी फूटपट्टी लावून. दर दहा फुटांना चार गॅलन औषध. काका रबरी बूट, चष्मा आणि लांब हातमोजे घालून दिवसभर वाकले होते. कढीपत्त्याचं पिंप भिंतीपासून हातभर अंतरावर होतं. त्यांनी ते हलवून पाहिलं, हललं नाही. पण पिंपातली माती वेगळी, जमिनीतली वेगळी, मग काळजी कसली? त्यांनी पिंपावर प्लास्टिक गुंडाळलं, म्हणजे शिंतोडा उडायला नको, आणि पिंप व भिंत यांच्यामधून औषध ओतत पुढे गेले.

पुढच्या शनिवारी काकूंनी नेहमीपेक्षा दुप्पट डहाळ्या कापल्या, कारण दुसऱ्या दिवशी सरलाताईंकडे चैत्रगौरीचं हळदीकुंकू होतं. कैऱ्या मिळाल्या होत्या, आंब्याची डाळ होणार होती, आणि वरच्या फोडणीला कढीपत्ता हवा होता. आम्ही आठ घरच्या लोकांनी पिशव्या नेल्या.

दुपारी काका चर नीट बुजला आहे का ते बघायला मागे गेले. पिंपामागची माती खचलेली दिसली म्हणून त्यांनी पहारीने पिंप जरासं उचकटून पाहिलं. ते तसूभरही हलेना. त्यांनी खाली बसून बघितलं. पिंपाच्या बुडातल्या भोकातून अंगठ्याएवढं जाड मूळ बाहेर आलं होतं आणि सरळ भिंतीकडे, चरात गेलं होतं. दोन वर्षं पिंप एका जागी असल्यावर दुसरं काय होणार? काका तिथेच मातीत बसले. वाळवीचं औषधही मर्टलच्या औषधाच्याच जातीचं होतं, आणि त्यांनीच आम्हाला शिकवलं होतं की झाड ते मुळातून ओढून घेतं आणि पानापानात पोचवतं.

हे सगळं मला काकूंनी नंतर सांगितलं. काका आत आले, हात धुतले आणि लेबलवरच्या मदतीच्या नंबरला फोन लावला. कारण सकाळी त्यांनी स्वतः भरपूर कढीपत्ता घातलेले पोहे खाल्ले होते. पलीकडच्या बाईने वजन, वय, किती पानं असं सगळं विचारलं आणि एवढ्याने काही होत नाही म्हणून सांगितलं, पण यापुढे त्या झाडाचं एकही पान खायचं नाही. किती दिवस, असं काकांनी विचारलं. वर्ष, कदाचित जास्त. नक्की कोणी सांगू शकणार नाही, त्यामुळे खाऊच नका.

गप्प राहणं सोपं होतं. आठ घरं, चारचार पानं, कोणालाही काही झालं नसतं. पण काकांनी वही काढली आणि एकेकाला फोन लावला. मला आला तेव्हा मी कणिक मळत होते. त्यांचा आवाज इतका खाली गेलेला मी कधी ऐकला नव्हता. कढीपत्ता टाकून दे, फोडणीत घातला असशील तर तो पदार्थही टाक, चूक माझी आहे, एवढं बोलून त्यांनी सगळं सविस्तर सांगितलं. मला एरवी टोमणा मारायची संधी सोडवत नाही. त्या दिवशी माझ्या तोंडून फक्त "बरं काका" एवढंच निघालं.

सरलाताईंची डाळ तयार होती, पंचवीस बायकांची. ती गेली कचऱ्यात. शेवटचा फोन सुशांतला होता, तो काकांनी मुद्दाम शेवटी ठेवला असावा. सुशांतने सगळं ऐकून घेतलं. मग काका म्हणाले, "लेबल पूर्ण वाचलं होतं रे. पिंपाखाली काय आहे ते वाचलं नाही. आणि तुला त्या दिवशी सगळ्यांसमोर बोललो ते चुकलं माझं."

सुशांत म्हणाला, "जाऊ द्या काका. माझ्या लिंबाला तर यंदा लिंबंच आली नाहीत, तुम्ही तेवढं टेन्शन घेऊ नका यार." काकांना कोणी यार म्हटल्याची ही पहिलीच वेळ.

दुसऱ्या दिवशी हळदीकुंकवाला काकूंना आणायला मी गेले. त्या तयार होऊन मागच्या दारात उभ्या होत्या, झाडाकडे बघत. त्या रडल्या नाहीत, पण पानाला हातही लावला नाही. मी म्हटलं, काकू, झाड आहे ना, दोन वर्षांनी पुन्हा पाहू. त्यावर त्या म्हणाल्या, "झाडाचं नाही गं एवढं. कढीपत्त्याच्या निमित्ताने शनिवारी चार माणसं यायची. आता कोण कशाला येईल?"

मला स्वतःचीच लाज वाटली.

खरी गोष्ट अशी की माझ्या रोपाला कधीच कीड लागली नव्हती. ते तीन वर्षांत माझ्या मागच्या अंगणात चांगलं कमरेएवढं वाढलं होतं. कढीपत्ता घरचा झाला असं सांगितलं असतं तर शनिवारी जायला कारण राहिलं नसतं, आणि मला तर जायचं होतं. माझी आई पुण्यात, सासूबाई सांगायला नको अशा, आणि आठवडाभराचं साचलेलं कोणाला तरी सांगितल्याशिवाय मला रविवार जात नसे. हळदीकुंकवात मी हे सरलाताईंच्या कानात सांगितलं. त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. मग हसत सुटल्या. त्यांच्या झाडाचं एक पानही कधी पिवळं पडलेलं नव्हतं.

पुढच्या शनिवारी दहा वाजता काकांच्या दारात आठ गाड्या लागल्या. कोणाकडे पिशवीभर, कोणाकडे जुडीभर, सुशांतच्या हातात तर अख्खी फांदी. काकूंच्या ओट्यावर हिरवागार ढीग झाला. सगळा त्यांच्याच झाडाच्या पिल्लांचा. काकूंनी एक डहाळी उचलली, चुरगाळून वास घेतला आणि चहाचं मोठं पातेलं चढवलं. डोळे पुसायचे होते ते त्यांनी आमच्याकडे पाठ करून पुसले.

काका मात्र भिंग घेऊन बसले. एकेक पान उलटंपालटं करून तपासलं. मग चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाले, "पद्मिनी, तुझ्या झाडाला कीड होती ना? मी तीन वेळा औषध लिहून दिलं होतं."

मी म्हटलं, "होती काका. तुमच्या औषधानेच गेली."

काकांनी भिंग मिटून खिशात टाकलं. मग ते कप आणायला उठले. हा माणूस काही न वाचता उठल्याचं मी तरी पहिल्यांदाच पाहिलं.

झाड त्यांनी काढलं नाही. फुलोरा आला की त्यातलं विष मधमाश्यांना जाऊ नये म्हणून तो कापून टाकत, बाकी झाड तसंच उभं होतं. त्याच्या बुंध्याला त्यांनी प्लास्टिकमध्ये घातलेलं एक लेबल बांधलं, मराठी आणि इंग्रजीत, स्वतःच्या टपोऱ्या अक्षरात: या झाडाची पानं खाऊ नयेत. खाली औषध घातल्याची तारीख. पुढल्या आठवड्यात गेलो तर त्याच्याखाली काकूंच्या अक्षरात आणखी एक ओळ होती: शनिवारी चहाला यावे.

आम्ही अजून जातो. पिशव्या आता आम्ही नेतो.