आमच्या रानावरची होडी

होडी धरणाच्या काठाला बांधायचं भाडं ठेकेदारानं पुन्हा वाढवलं, तेव्हा मी त्याला तोंडावर विचारलं, "अरे, पाण्याखाली रान कुणाचं हाय?" तो नुसता हसला.

आमचं रान धरणात गेलं तेव्हा माझा जन्मही झाला नव्हता, आई नवी नवरी होती. रान गेलं, पण तिची येळवस सुटली नाही. मार्गशीर्षातल्या त्या अमावास्येला शेतकऱ्यानं आपल्या रानातच जेवायचं असतं. ती कितीतरी वर्षं काठावर बसून, पाण्याकडं बघत जेवली. मी नौदलातून निवृत्त होऊन बोरीला परतलो आणि पहिलं काम काय केलं, तर कोकणातून शिडाची जुनी लाकडी होडी ट्रकवर घालून आणली. दोन टेकड्यांच्या मधोमध आमची विहीर होती असं आई सांगते. तिथं नांगर टाकायचा आणि होडीतच जेवायचं.

वाऱ्याला पैसे पडत नाहीत, हा माझा हिशेब. ठेकेदाराचा ठेका मासेमारीचा, पण तो काठाचाही मालक होऊन बसला. आधी बांधायचं भाडं, मग राखणीचे पैसे, मग डोलकाठीत जाळी अडकतात म्हणून वेगळे. एक मासा न धरणाऱ्या होडीचे! माझं डोकंच फिरलं. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घालून होडी उचलली.

पण ठेवायची कुठं? मानवतच्या जिनिंगवाल्यानं शेडकडं बोट दाखवलं, "कापूस यायलाय, जागा कुठं हाय?" पिंगळीच्या मेहुण्याच्या गोदामात सोयाबीन. शेवटी आमच्याच अंगणात, कडुनिंबाखाली.

कोरड्यात होडी फुकट राहते, असं म्हणणाऱ्यानं परभणीचं ऊन बघितलेलं नाही. वैशाखात फळ्या अशा आकसल्या की फटीतून पलीकडची शेळी दिसायची. लाकूड ओलं ठेवलं नाही तर होडी गेलीच म्हणायची. आणि गावात टँकर सुरू. मी होडीत एक घागर ओतली आणि बायको भडकली.

"लोकं प्यायला पानी मागायलेत अन् तुमी लाकडाला पाजायलात? लाज वाटत न्हाई का?"

वाटली. पण लाजेपेक्षा राग जास्त आला. पाण्यात ठेवायला पैसा लागतो, कोरड्यात ठेवायला पाणी, आणि ते पाणी तर आमच्याच रानावर उभं! दुसऱ्या दिवसापासून आई मोठ्या परातीत बसून आंघोळ करू लागली आणि परातीतलं पाणी होडीत टाकायला लावू लागली. मग बायकोही, पुटपुटत का होईना, भांड्यांचं पाणी आणून ओतू लागली. होडी वाचली.

येळवस आली. ट्रॉली काठावर नेली, तर ठेकेदार स्वतः उभा. पाण्यात उतरवायचे आता वेगळे पैसे म्हणे! माझी मूठ आवळली. आईनं मला मागं सारलं आणि जेवणाची टोपली उघडली. येळवशीला रानात आलेल्याला कुणी उपाशी जाऊ देत नाही, आणि आलेलाही नाही म्हणत नाही.

"बस रे बाबा. आमच्या रानात आलास, जेवून जा."

तोही इथलाच. बसला. बाजरीचे वाफवलेले उंडे, शेंगा-पालेभाज्यांची भज्जी, वर ताकातली आंबील, सगळं पोटभर खाल्लं. उठला, हात धुतला आणि सवयीनं पैशासाठी पुढं केला. आईनं त्यावर अजून एक उंडा ठेवला.

"घे, लेकराला ने."

तो त्या उंड्याकडं बघत राहिला. मग उंडा खिशात घातला आणि होडीला धक्का त्यानंच दिला.

शीड फुगलं. मी खुशीत ओरडलो, "आई, लय भारी जिरवलीस त्याची!"

ती पाण्याकडंच बघत होती.

"कशाची जिरवली? आपल्याच रानात जायला आता त्याला जेवू घालावं लागायलंय."